माईंच्या उंबऱ्याबाहेरचा गबरू

माई, तुम्ही सुटलात. आल्यागेल्या प्रत्येकानं हे एकच वाक्य मला ऐकवलं आणि मीही मान हलवत राहिले. एरवी मला हे वाक्य आवडत नाही. माणूस गेलं की लोकांना काहीतरी बोलावं लागतं, म्हणून ते बोलतात. पण या वेळी ते खरं आहे. गेले कित्येक महिने तुम्हाला आडवं होता येत नव्हतं. दोन शब्द बोललात की तिसऱ्यासाठी थांबायला लागायचं. तुम्हाला नेलं त्या दुपारी मी माजघरात भिंतीला टेकले आणि चक्क झोपले, अगदी गाढ. उठल्यावर लाज वाटली, मग तीही वाटेनाशी झाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झोपली तर झोपली. त्यात काय झालं? मी काय उठवाले येऊन राह्यली का आता?"

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी परत गेली, आणि आज मी हे लिहायला बसले. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. एका चुलीपुढे आपली इतकी वर्षं गेली. भांडणं झाली, अबोले झाले, कुणाच्या माहेरची लोणची जास्त टिकतात यावरून तर घरात दोन पक्ष पडले. सगळं बोललो आपण. एक गोष्ट तेवढी बोललो नाही, आणि ती त्या हट्टी कुत्र्याशिवाय सांगता येत नाही.

साल छप्पन. राज्यांची मांडणी बदलली, कचेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या आणि भाऊजींच्या ओळखीचे एक साहेब बाडबिस्तरा बांधून भोपाळला निघाले. भाऊजी म्हणजे तुमचे यजमान, माझे थोरले दीर. यवतमाळच्या कोर्टात वकिली करायचे, त्यामुळे असल्या ओळखी त्यांच्या पुष्कळ. साहेबांनी जाताना टेबल एकाला दिलं, खुर्च्या दुसऱ्याला आणि कुत्रा भाऊजींना. बीगल जातीचा. विलायतेत वासावरून ससे हुडकायला पाळतात म्हणे. काळा, पांढरा, तांबडा असा तीन रंगांचा, आखूड पायांचा, कान गालांवर लोंबणारे. "हट्टी आहे, पण प्रेमळ आहे," असं साहेब सांगून गेले. प्रेमळ असल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. हट्टी असल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. साहेबांनी ठेवलेल्या इंग्रजी नावाला तो ओ देत नव्हता, म्हणून आपण त्याला गबरू म्हणू लागलो. त्यालाही तो ओ देत नव्हता.

सगळ्यात जास्त विरोध तुमचा. तुमचं सोवळं म्हणजे साऱ्या आळीत नाव. महालक्ष्म्यांच्या दिवशी चार घरच्या बायका तुमच्याकडून पुरण कसं शिजवायचं ते विचारून जायच्या. नैवेद्याच्या आधी चाखायचं नाही, हा घरचा नियम. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण, सगळं न चाखता. मीठ तुमच्या मुठीला माहीत होतं आणि बाकीचं तुमच्या नाकाला. "फोडणीचा वास बदलला का हळद टाक. पुरणाचा वास सुटला का उतरव," असं मला शिकवलंत तुम्ही. अशा घरात तो लाळगळ्या प्राणी! "त्याले फाटकापाशीच ठेवा," तुम्ही भाऊजींना बजावलंत, "सैपाकघराकडे फिरकला तर मी दोन दिवस चूल पेटवणार नाही."

भाऊजींनी त्याला शिस्त लावायची ठरवलं. कोर्टात जायच्या आधी, हातात शिट्टी आणि काठी घेऊन ते त्याला लोहारा गावाच्या वाटेला न्यायचे. "बस", "थांब", "ये", असे तीन हुकूम. गबरू घरी हे तिन्ही हुकूम ऐकायचा, विशेषतः हातात भाकरी असली तर. वाटेवर त्याचं नाक जमिनीला लागलं की मात्र भाऊजी त्याच्या लेखी मेले. मुंगूस जाऊन गेलेलं असो की ससा, तो त्या वासाला चिकटायचा आणि शेपटीचं पांढरं टोक वर करून निघायचा. भाऊजी धोतर सावरत मागे. मागे कुणी धावलं की त्याला तो खेळ वाटायचा, मग तो आणखी जोरात पळायचा. मार दिला तर असा काही तोंड पाडून बसायचा, की मारणाऱ्याला अपराधी वाटावं, आणि पुन्हा तेच करायचा. शिवाय त्याचा आवाज. साध्या कुत्र्यासारखं भुंकणं नाहीच. मान वर करून लांबलचक सूर लावायचा, कापसाच्या जिनाच्या भोंग्यासारखा. शेजारचे मास्तर म्हणायचे, याच्यामुळे मी दोनदा शाळेत लवकर गेलो.

मी भाऊजींच्या बाजूची. "इतकं बहिरं कुत्रं मी जन्मात पाहिलं नाही," असं मी म्हटलं, तर तुम्ही चुलीकडून मान न वळवता बोललात, "बहिरा नाही गं तो. त्याचं नाक बोलून राह्यलं त्याच्याशी. त्यात तुमचा आवाज कुठून शिरन?"

"मग त्यानं आपलं ऐकायचं केव्हा?"

"आधी तुम्ही ऐका त्याचं."

झालं, तिथून आपला वाद सुरू झाला. कुत्र्यानं माणसाचं ऐकावं की माणसानं कुत्र्याचं? तुम्ही त्याला हातही लावत नव्हतात, पण खिडकीतून बघत मात्र असायच्या. मी म्हणायची, माई, घरात वकील एकच पुरे. हा वाद आपण कधी मिटवला नाही. मी अजून माझ्या बाजूला आहे, एवढं सांगून ठेवते.

मग त्या हिवाळ्यानंतर गावात तापाची साथ आली आणि तुम्ही अंथरूण धरलंत. उठलात त्या अशक्त, पण बाकी तशाच. आणि एक दिवस अचानक भाऊजींना म्हणालात, "गबरूले मागच्या पडवीत बांधा." दोनचार दिवसांत तो पडवीतून सरकत सरकत सैपाकघराच्या उंबऱ्याशी आला. उंबऱ्याबाहेर तुम्ही रांगोळीची एक रेघ ओढलीत. त्या रेघेच्या पलीकडे त्याचं पोतं.

माझा विश्वास बसेना. "माई, सोवळं?"

"रेघेच्या बाहेर आहे ना तो?"

"पण नैवेद्याचा वास जातो त्याच्या नाकात."

"वाऱ्याले सोवळं नेसवू काय मी?"

मी हसले. पुढे तुम्ही त्याला शिकवायला लागलात आणि मी बघत राहिले. तुमची रीत भाऊजींच्या अगदी उलट. तो कशाचा वास घेत असला तर तुम्ही त्याला कधी हाक मारायच्या नाहीत. पोटभर घेऊ द्यायच्या. त्यानं स्वतःहून मान वर केली की मगच नाव घ्यायच्या, आणि लगेच तुपाचा हात लावलेला भाकरीचा तुकडा. तो सुटून गेला तर मागे धावायचं नाही. वारा जिकडून येतो तिकडे जाऊन शांत बसायचं आणि पदरातला गूळ सोडायचा. येतोच. अंगणात गुळाचे खडे लपवून त्याला शोधायला लावायच्या, आणि त्याला सापडले की तुम्हाला कोण आनंद! भाऊजी बघून म्हणाले, "हा कुत्रा आहे का जावई?" आळीत बोलबाला झाला, की वकीलीणबाईंनी विलायती कुत्रा वळणावर आणला.

मलाही तसंच वाटलं. तुम्ही त्याला शिकवत नव्हतात, शिकत होतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दूध वर यायला लागलं की तो पोत्यावर उठून बसायचा. तूप कढत आलं की घशातल्या घशात कुंईकुंई करायचा. काही करपू लागलं की आधी शिंकायचा, मग मागे सरायचा, आणि तरी कुणी लक्ष दिलं नाही तर तो भोंगा वाजवायचा. तुम्ही पातेल्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायच्या. मी मनात म्हणायची, या बाईला कुत्र्याचं वेड लागलं.

असं चाललं असतं. पण एका सकाळी गबरूनं दोरी तोडली आणि नाकासरशी भाऊजींच्या बैठकीत शिरला. तिथे कुणा पक्षकारानं थैलीत सुकट आणली होती, घरी न्यायला. गबरूनं ती थैली फोडून कागदपत्रांवर पसरली. ब्राह्मणाच्या बैठकीत सुकट! भाऊजींचा तोल सुटला. बोरी अरबकडच्या तांड्यावरचा हरसिंग त्या दिवशी शेतीच्या दाव्यासाठी आला होता. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आणि आता ही मंडळी तांडा करून शेती करत होती. तो म्हणाला, "साहेब, द्या आमच्यापाशी. डुकरं लई झाली रानात. शिकारी हाय म्हनता ना?" आणि दुपारच्या मोटारीनं गबरू गेलासुद्धा.

तुम्ही दारात उभ्या होतात. रडला नाहीत, भांडला नाहीत. हरसिंगला एवढंच म्हणालात, "त्याले दूध तापताना जवळ बसाची सवय आहे." त्याला काही कळलं नाही. आम्हालाही नाही.

त्यानंतर तुमच्या हातून चुका व्हायला लागल्या. तूप काळं झालं. वरणाला आंबूस वास येत होता आणि तुम्ही तेच वाढलंत. भाऊजी म्हणाले, कुत्र्यावर जीव जडला होता तिचा, होईल ठीक. माहेरपणाला आलेल्या वन्सं मात्र स्पष्ट बोलल्या, "वहिनी थकली आता. सैपाक सुशीच्या हाती द्या, तिनं बसून जप करावा." सुशी म्हणजे मी. तुम्ही सुपातल्या तांदळातून मान वर काढली नाही. मला तुमचं तोंड दिसलं नाही, पण हात थांबलेला दिसला. सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांच्या हातातून पळी अशीच काढून घेतली होती. "आता तुम्ही आराम करा," असं गोड बोलून. त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

वन्सं गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी फाटकाशी वाळवण घालत होते आणि दूध लागल्याचा वास आला. साधासुधा नाही, कडवट, फाटकापर्यंत पोचलेला. मला वाटलं तुम्ही न्हाणीत असाल. धावत आले. तर तुम्ही सैपाकघरातच. चुलीकडे पाठ करून विळीवर दोडके चिरत होतात, आणि गुणगुणत होतात. सगळं घर त्या वासानं भरलेलं, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीही नाही. मी दारात थबकले. तुम्ही वर पाहिलंत. चुलीकडे नाही, आधी माझ्या तोंडाकडे. गबरूकडे पाहायच्या तसं. मग हातातला दोडका टाकून पातेलं उतरवायला झेपावलात.

"पायात काटा रुतला हो माई, चिमटा कुठे आहे?" मी म्हटलं. माझ्या तोंडाचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

त्या तापानं तुमचं नाक नेलं होतं. मी पाय धरून पडवीत बसले, नसलेला काटा काढत, आणि मला सगळं एकदम दिसलं. ते पोतं, ती रेघ, ते कुंईकुंई. कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर सगळ्यांनी हळहळ केली असती, वैद्य आणला असता आणि गोड बोलून पळी काढून घेतली असती. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग मी यांच्या मागे लागले, की मला गबरूशिवाय करमत नाही. हे ऐकून माझा नवरा इतका हसला, की मोटारीत बोरी अरब येईपर्यंत हसतच होता. तांड्यावर हरसिंग आम्हाला पाहून खाट टाकायच्या आधीच म्हणाला, "घेऊन जा बाई ह्याले! डुकराच्या मांगं सोडलं तं हा घराघरच्या चुलीपाशी जाऊन बसते. हाका मारा, दगड मारा, हालत न्हाई. सैपाक उतरला का मंगच उठते. आन् लागलं का असा बोंबलते, का पोरं भेतात."

तिथेही तो आपलं काम करत होता, माई. बायका मात्र खूश होत्या. हरसिंगच्या आईनं त्याला खाऊ घालून घालून गोल केला होता.

मी हाक मारली. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. दोरी ओढली तर चारी पाय रोवून बसला. मग मी पिशवीतून तुमचं मसोतं काढलं, तेच चुलीवरून पातेली उतरवायचं, हिंग-हळदीनं पिवळं झालेलं, आणि वाऱ्याला धरलं. नाक वर झालं. तो उठला आणि मसोत्यामागे मोटारीत येऊन बसला. ही तुमचीच रीत, एवढं मी मान्य करते. "याडीले रामराम सांगजा," हरसिंग म्हणाला. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

घरी आलो. तुम्ही रेघेपलीकडे वाटीत दूध ओतलंत, तेव्हा थोडं रेघेच्या अलीकडे सांडलं. मग मला म्हणालात, "तुले तं आवडत नाही तो. कायले आणला?"

"करमत नव्हतं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "बरं केलं," म्हणालात. या विषयावर आपण दोघी इतकंच बोललो. चूल पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली. वन्संनी पुढच्या महालक्ष्म्यांना दोनदा पुरण मागून घेतलं आणि मला आत जाऊन हसावं लागलं.

गबरू म्हातारा झाला, तोंड पांढरं झालं, तरी ऐकला नाही. शेवटी शेवटी डोळे गेले, कान गेले, नाक मात्र शाबूत. एका सकाळी तो पोत्यावरून उठला नाही. लिंबाच्या झाडाखाली त्याला पुरला. दुसऱ्या दिवशी मी गहू निवडायला म्हणून सूप घेऊन पडवीत बसले, जवळपास त्याच्याच जागी. चुलीवर लोणी कढत होतं. वेळ झाली तेव्हा मी सुपातून डोळे न काढता मोठ्यानं म्हटलं, "माई, काय खमंग वास सुटला हो तुपाचा!"

आत पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

मग ती रीतच पडली. "माई, पुरणाचा वास दरवळला." "माई, भाकरीचा वास फारच येतोय." दूध नासलं की मी नाक मुरडून दारात उभी राहायची. भाऊजी बैठकीतून म्हणायचे, "सुशीलाले वासच फार येतात बा." मी हसायची, पण आतून भीती होती. तुम्हाला कळतंय का, की मला कळलंय? कळत असलं तर रोज माझ्या तोंडून ते ऐकताना तुम्हाला काय होत असेल? कुत्र्याचा उपकार घ्यायला काही वाटत नाही. धाकट्या जावेचा घ्यायला वाटतं. मी मदत करते आहे की रोज तुमचं उणं बोलून दाखवते आहे, हे मला कधी ठरवता आलं नाही. ही धास्ती मी कित्येक वर्षं बाळगली.

तुम्ही खाटेला खिळलात आणि पळी आपोआप माझ्याकडे आली. कुणी काढून घेतली नाही, तुमचा श्वासच पुरेना. एका सकाळी मी भाकरी टाकत होते. तुम्ही माजघरातून विचारलंत, "सुशे, कशाचा वास येऊन राह्यला गं?"

माझा हात परातीतच राहिला. इतक्या वर्षांत तुम्ही हे विचारलं नव्हतंत.

"ज्वारीची भाकरी आहे माई. एक बाजू झाली."

"आन् बाहेरून?"

"जिनाकडून सरकीचा येतोय. आणि लिंबाला फुलं आली आहेत, त्याचा."

तुम्ही डोळे मिटलेत. श्वास गोळा करून म्हणालात, "गबरूपेक्षा तू बरी. बोंबलत तं नाही."

भाकरी करपली, माई. मी आधी हसले आणि मग चुलीपुढे बसून रडले. मनावरचं ओझं असं उतरतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यानंतर रोज तुम्ही विचारायच्या आणि मी सांगायची, अगदी शेवटच्या सकाळपर्यंत.

कालचं सांगते आणि थांबते. तेरवीचं पुरण चुलीवर ठेवून मी पडवीत पत्रावळी मोजायला गेले. वास सुटला तेव्हा सवयीनं ओरडले, "माई, पुरण झालं हो!" आणि पत्रावळी मोजत राहिले. आत कुणी पातेलं उतरवलं नाही. माझ्या ध्यानात आलं तोवर तळाला लागलं होतं.

वाढलं तसंच. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. मी विचारलं, "लागलंय ना?"

"जरासं," ते म्हणाले. "आधी गबरू ओरडायचा. मग तू ओरडायची. आज ऐकणारीच नाही."

मी वाढायचं थांबवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू कुत्रं परत आणलं आन् तूप करपणं थांबलं, तेव्हा समजलं. तुले कुत्रं आवडत नाही, हे का मले माहीत नव्हतं?"

"मग बोलला काहून नाहीत?"

"बोललो असतो तं तिनं त्याच दिवशी पळी खाली ठेवली असती." त्यांनी पानावरचं पुरण संपवलं आणि आणखी मागितलं.

म्हणजे तुम्ही उगाच भीत होतात, माई, आणि तुमच्यापायी मीही. तुमची पळी भाऊजींनी कुणाला काढून घेऊ दिली नसती. आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि सगळे पोटभर जेवत होते.